आजारातून उठलेले अपंग मूल आणि आपले घर
(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका शिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेले भाषण)



दरवर्षीच्या या मेळाव्यात आपण निकालाविषयी, शिष्यवृत्तीविषयी आणि मुलींच्या पुढील शिक्षणाविषयी बोलतो. ते आवश्यकच आहे. आज मात्र मी थोडा वेगळा विषय आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा घेतली आहे. ज्या घरात एखादे अपंग मूल आहे, आणि ते मूल न्यूमोनियातून बचावून दवाखान्यातून घरी आले आहे, त्या घराने पुढचे काही आठवडे काय करावे, हा तो विषय. हा विषय दवाखान्याचा आहे, शाळेचा नाही, असे कोणास वाटेल. परंतु शाळेचे हजेरीपुस्तक ज्याच्या हातात असते त्याला ठाऊक असते की, घरातील एका खाटेवरचे आजारपण वर्गातील दोन-तीन बाकांपर्यंत पोहोचते. ते कसे, हे मी पुढे सांगणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी डॉक्टर नाही. माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाल्यामुळे त्याचे हातपाय ताठर आहेत, मान नीट सावरत नाही, बोलता येत नाही. आमचे घर एकत्र आहे. तो सात वर्षांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला व नऊ दिवस दवाखान्यात काढून आम्ही त्याला घरी आणले. त्या वेळी डॉक्टरांनी, परिचारिकांनी आणि फिजिओथेरपिस्टने आम्हांला जे शिकवले, आणि त्यानंतर घरातील सर्वांनी जे हाताने केले, तेच मी सांगणार आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत अखेरचा शब्द आपल्या डॉक्टरांचाच राहील.

न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाचा जंतुसंसर्ग. आपल्या फुप्फुसांत हवेच्या अतिशय बारीक पिशव्या असतात. श्वासातला प्राणवायू तेथून रक्तात जातो. संसर्ग झाला की या पिशव्यांत पाणी व पू साठतो आणि प्राणवायूची वाट अडते. जुन्या बायका याला ‘छाती भरली’ म्हणत. ते वर्णन चुकीचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार बालके या एका आजाराने दगावली. त्या वयातील एकूण बालमृत्यूंपैकी हे प्रमाण १४ टक्के होते. यावरून हा आजार किरकोळ नाही हे लक्षात यावे.

अपंग मुलाला, विशेषतः ज्याला चालता-बसता येत नाही अशा मुलाला, हा धोका अधिक असतो. त्याची कारणे समजून घेतली तर पुढची सगळी काळजी आपोआप समजते. पहिले कारण गिळण्याचे. घशात अन्नाची वाट आणि हवेची वाट शेजारी-शेजारी आहेत. गिळताना हवेची वाट क्षणभर बंद व्हावी लागते. या मुलांचे स्नायू वेळेवर हलत नाहीत. म्हणून अन्नाचा, पाण्याचा किंवा स्वतःच्याच लाळेचा अंश श्वासनलिकेत उतरतो. दुसरे कारण खोकल्याचे. आपल्याला ठसका लागला की आपण जोराने खोकून मोकळे होतो. या मुलाच्या खोकल्यात तेवढा जोर नसतो. तिसरे कारण पडून राहण्याचे. धावणारे मूल दिवसभर खोल श्वास घेते, एकाच कुशीवर पडलेल्या मुलाचा कफ खाली साचून राहतो. पाठीचा कणा वाकडा असल्यास एका बाजूचे फुप्फुस पुरते फुलतही नाही. चौथे कारण असे की, पुष्कळ मुलांना जठरातील अन्न वर येण्याचा त्रास असतो, आणि वर आलेले ते आंबट अन्न पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते.

म्हणजे दवाखान्यातून घरी आल्यावर ताप उतरलेला असतो, पण ही चारही कारणे जिथल्या तिथेच असतात. आजार गेला असे मानून घर गाफील राहिले, तर महिन्याभरात पुन्हा तोच दवाखाना आणि तीच खाट दिसते. खरे काम घरी येऊनच सुरू होते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

दवाखाना सोडताना हाती जो कागद मिळतो तो पिशवीच्या तळाशी टाकू नका. तो डॉक्टरांसमोर उलगडून पाच प्रश्न विचारा: कोणते औषध किती दिवस द्यायचे? आधीची नेहमीची औषधे चालू ठेवायची का? अन्न किती घट्ट वा पातळ द्यायचे? छातीचा व्यायाम कोण शिकवणार? आणि पुन्हा दाखवायला कधी यायचे? उत्तरे तेथेच लिहून घ्या. प्रतिजैविक औषध जितके दिवस लिहून दिले तितके दिवस पूर्ण द्या. तिसऱ्या दिवशी मूल हसू लागले म्हणून बाटली कपाटात ठेवू नये, आणि उरलेले औषध शेजारच्या मुलाला तर कदापि देऊ नये. रमजानच्या दिवसांत घराचे घड्याळच बदलते. सेहरी आणि इफ्तारच्या धांदलीत मुलाच्या औषधाची वेळ मागेपुढे होऊ नये म्हणून ती वेळ कागदावर लिहून भिंतीला लावावी.

ज्या मुलांना आकडी येते त्यांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या पुष्कळ मुलांना आकडीचा त्रास असतो, आणि ताप किंवा चुकलेला डोस हे आकडीला निमंत्रण असते. औषध घेताच मुलाला उलटी झाली तर पुन्हा डोस द्यायचा की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. आकडी आलीच तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर दवाखाना गाठावा.

त्यानंतर श्वास मोजणे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याच्या छातीवरचे पांघरूण बाजूला करावे आणि पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. गणिताचा शिक्षक असूनही मी हे सांगतो. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर ते जलद समजतात. त्याहून मोठ्या मुलासाठी, आणि ज्याची छातीच मुळात वेडीवाकडी आहे अशा मुलासाठी, त्याचा स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत असणे सर्वांत उपयोगाचे. आमच्या मुलाचा बरे वाटत असतानाचा झोपेतला आकडा २४ होता. तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. एखाद्या रात्री ३६ आला की कोणी वाद घालत बसत नाही.

वही हा शब्द मी मुद्दाम वापरला. एक शंभर पानी वही या कामासाठी वेगळी ठेवा. सकाळ-संध्याकाळ श्वास किती, ताप किती, काय आणि किती खाल्ले, लघवी किती वेळा झाली, कफाचा रंग कसा, झोप कशी, एवढेच लिहायचे. जे मूल ‘माझ्या छातीत दुखते’ असे सांगू शकत नाही, त्याच्यासाठी ही वही बोलते. डॉक्टरांपुढे ‘बरा आहे, पण तसा बरा नाही’ असे सांगण्यापेक्षा वही पुढे करावी. त्यांचेही काम सोपे होते.

काही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हल्यासारखा आवाज, ओठ किंवा जीभ निळसर पडणे, मूल जागे न होणे किंवा अगदी मलूल होणे, काहीच न पिणे, आणि उतरलेला ताप पुन्हा चढणे. २०२० च्या कोरोनाच्या साथीनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. त्यावर ९० च्या खालचा आकडा म्हणजे तातडीचा धोका समजावा. हात थंड असल्यास किंवा बोट हलत असल्यास आकडा चुकतो, म्हणून बोट ऊबदार करून पुन्हा पाहावे. मात्र आकडा चांगला आहे आणि मूल धापा टाकते आहे, तर मुलावर विश्वास ठेवावा, यंत्रावर नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. तो क्रमांक घरातल्या लहान मुलांनाही पाठ असावा. आणि आई म्हणाली की ‘आज याचे काहीतरी वेगळे आहे’, तर त्या वाक्याला ऑक्सिमीटरइतकाच मान द्यावा.

आता जेवणाविषयी. माझ्या मते सर्व काळजीत हा भाग सर्वांत मोठा आहे. आपल्याकडे अशा मुलाला मांडीवर आडवे घेऊन, मान मागे टाकून भरवण्याची रीत आहे. त्यामागे माया असते, पण मान मागे गेली की हवेची वाट उघडी पडते आणि पातळ पदार्थ सरळ छातीत उतरतो. मुलाला शक्य तितके सरळ बसवावे. खुर्ची नसेल तर भिंतीशी कोपऱ्यात उशा लावून बसवावे. डोके मध्यावर, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्याने समोर, मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. उभ्याने भरवले की मूल वर पाहते आणि मान मागे जाते. चमचा लहान असावा. पहिला घास गिळलेला दिसल्याशिवाय दुसरा देऊ नये. जेवण झाल्यावर किमान अर्धा तास त्याला सरळ बसवून ठेवावे.

पाणी आणि पातळ रस्सा हा हलका आहार आहे असे आपण समजतो. गिळण्याचा त्रास असलेल्या पुष्कळ मुलांना तोच सर्वांत अवघड जातो, कारण पातळ पदार्थ घशात भरभर उतरतो. आपली तांदळाची पेज पाहा. तिचे पाणी आधी घशात धावते आणि शिते तोंडात मागे राहतात. एकाच घासात दोन प्रकार सांभाळणे या मुलाला जमत नाही. तीच पेज घोटून एकजीव व दाट केली, किंवा नाचणीची दाटसर खीर, मऊ कुस्करलेली खिचडी, घोटलेली डाळ दिली, तर तोच घास पुष्कळदा सुरक्षित होतो. नेमके किती दाट, हे वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा डॉक्टर मुलाला पाहून ठरवतात. प्रत्येक मुलाचे प्रमाण निराळे असते. खाताना वरचेवर खोकला येणे, आवाज ओला किंवा घरघरता होणे, डोळ्यांत पाणी येणे, एका जेवणाला तास लागणे, ही घास चुकीच्या वाटेने जात असल्याची चिन्हे आहेत. काही मुलांमध्ये तर ठसकाही लागत नाही आणि अन्न निमूटपणे आत जाते. म्हणून वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या मुलाच्या गिळण्याची तपासणी करून घ्यावीच. मूल झोपाळलेले असेल किंवा धापा टाकत असेल, तर त्या वेळी तोंडाने काही देऊ नये. काही मुलांना नळीने अन्न देण्याचा सल्ला मिळतो. त्यात कमीपणा मानू नये. नळीने पोट भरलेले मूल वजन धरते आणि त्याला आजाराशी झगडण्याचे बळ मिळते.

तोंडाची स्वच्छता ही गोष्ट जेवणाइतकीच महत्त्वाची. लाळ छातीत उतरणारच असेल, तर तोंडातले जंतू कमी असावेत एवढे तर आपल्या हातात आहे. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात, हिरड्या व जीभ साफ करावी. जे मूल नळीवर आहे, त्याचेही दात घासावे लागतात, हे लक्षात ठेवावे.

मुलाची कूस दिवसा साधारण दर दोन तासांनी बदलावी. डावी कूस, उजवी कूस, आधाराने बसणे, आणि कोणी जवळ बसलेले असेल तेव्हा थोडा वेळ पालथे, असा क्रम ठेवता येतो. पाठीवर थापटून कफ सुटा करण्याची रीत फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. ओंजळीसारखा पोकळ हात करून बरगड्यांवर थापटायचे असते, कण्यावर किंवा पोटावर नाही; आणि तेही जेवणाआधी, जेवणानंतर लगेच नाही. मुलाला उलटे धरणे किंवा डोके खाली लोंबकळवणे हा उपाय घरी करू नये. ज्याचे अन्न वर येते त्याला त्याने अपायच होतो.

आता काही घरगुती उपायांविषयी, कोणाचेही मन न दुखवता. दादी-नानीच्या हातात पिढ्यांची शहाणपण असते. ऊब देणे, मुलाला जवळ घेऊन बसणे, वेळेवर खाऊ घालणे हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. परंतु नाकात तेलाचे किंवा तुपाचे थेंब सोडण्याची चाल बंद केली पाहिजे. ते तेल फुप्फुसात जाऊन बसते आणि त्यापासूनच एक निराळा न्यूमोनिया होतो. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरून वाफ देण्यात भाजण्याचा धोका असतो. हातपाय अचानक ताठणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो दुप्पट. खोकल्याचे सरबत स्वतःच्या मनाने आणू नये. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी भेसळ झालेल्या अशा औषधाने अनेक बालकांचे प्राण गेले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. शिवाय या मुलाचा खोकला हा त्याचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून कसे चालेल? विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, डासांच्या अगरबत्तीचा धूर आणि खोलीत फिरवलेले लोबान, हे सर्व त्या छातीला सारखेच. ज्या घरात आजारी मूल आहे तेथे पुरुषमंडळींनी अंगणात जाऊन विडी ओढली म्हणजे झाले, असे नाही. कपड्यांबरोबर तो धूर परत येतो. सोडता आली तर या निमित्ताने सोडावी.

एवढे सगळे ऐकल्यावर आपल्या मनात प्रश्न आला असेल की, हे सारे करायचे कोणी? येथेच हा विषय शाळेत शिरतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातील नववीची एक मुलगी लागोपाठ १९ दिवस गैरहजर राहिली. मुलगी हुशार, बीजगणितात तिची वही मी इतरांना दाखवतो. आमच्या एका शिक्षिकाबाईंना बरोबर घेऊन मी तिच्या घरी गेलो. वडील आखातात नोकरीला. घरी अम्मी, गुडघ्यांनी अडलेली दादी, व्हिसाची वाट पाहणारा १९ वर्षांचा भाऊ, आणि दहा वर्षांचा धाकटा भाऊ, चालता-बोलता न येणारा, नुकताच न्यूमोनियातून घरी आलेला. ती मुलगी त्याला भरवत होती. समोर बसून, लहान चमच्याने, प्रत्येक घासाला थांबून. शेजारी वही होती, तारीखवार, श्वासांचे आकडे घातलेली. इतके नेटके काम मी थोरामोठ्यांचेही क्वचित पाहिले आहे.

मी विचारले, ‘‘शाळेत कधी येणार?’’ ती म्हणाली, ‘‘सर, तो फक्त माझ्याच हातून खातो.’’ अम्मी म्हणाल्या, ‘‘मास्तर, मी स्वयंपाक, धुणं, म्हातारीचं सगळं बघते. मुलगी आहे, तिला सवय आहे. भावाला काय येतंय त्यातलं?’’ भाऊ दारात उभा राहून ऐकत होता.

पालकहो, त्या माऊलीने जे सांगितले त्यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. ती सकाळी पाचपासून उभी होती. प्रश्न तिच्या कष्टांचा नव्हता, कष्टांच्या वाटणीचा होता. मी त्या तरुणाला विचारले, ‘‘तू मोबाईलची स्क्रीन बदलायला कुठे शिकलास?’’ तो म्हणाला, ‘‘बघून बघून.’’ ‘‘मग हेही बघून बघून येईल,’’ एवढेच मी म्हणालो. बाईंनी कागद घेतला आणि दिवसाचे तास मांडले. सकाळची न्याहारी आणि छातीचा व्यायाम भावाकडे. दुपारचे जेवण अम्मीकडे, त्या वेळेस आणणे-सवरणे भावाने करायचे. दादीने शेजारी बसून श्वास मोजायचे. बसल्या जागी होणारे काम आहे आणि त्यांना त्यात मान वाटला. संध्याकाळचा एक तास बहिणीचा. रात्री वहीचे पान वडिलांना फोनवर पाठवायचे आणि औषध संपत आले की पैसे व चौकशी त्यांनी पाहायची. सातासमुद्रापलीकडचा बाप एवढे निश्चित करू शकतो.

पहिले दोन दिवस धाकट्याने भावाच्या हातून घास घेतला नाही. तोंड मिटून बसला. बहिणीने शेजारी बसून भावाचा हात धरून शिकवले. तिसऱ्या दिवशी त्याने चार चमचे घेतले. पुढच्या सोमवारी ती मुलगी वर्गात आली. तिची एक घटक चाचणी बुडाली होती, ती आम्ही पुन्हा घेतली. आजही एखाद्या वाईट रात्रीनंतर ती अर्धा दिवस उशिरा येते आणि आम्ही तिला कारण विचारत नाही. पण तिचे नाव हजेरीपुस्तकात आहे. भावाची सेवा करणारी बहीण ही समाजाची दौलत आहे. मात्र त्या सेवेची किंमत तिच्या दहावीने चुकवावी, हा न्याय नव्हे.

आता बऱ्या झालेल्या मुलाच्या पुढच्या वाटेविषयी थोडेसे. न्यूमोनियानंतर खोकला आणि थकवा काही आठवडे राहू शकतो. त्या काळात घाई करू नये, पण त्यानंतर त्याला कायमचे मागल्या खोलीत ठेवू नये. लसी पूर्ण आहेत का, हे पाहावे. न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस भारताच्या सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर लागू झाली. ती बाळाला सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने या वयांत मोफत मिळते. मोठ्या मुलाची राहिली असल्यास, तसेच दरवर्षीची फ्लूची लस द्यावी काय, हे डॉक्टरांना विचारावे. घरातील इतर भावंडांचे लसीकरणही पुरे असावे; जंतू घरात त्यांच्याच पायांनी येतात.

शिक्षणाचा हक्क या मुलालाही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहूनही शिक्षण घेता येते. आजारातून उठलेल्या मुलासाठी ही सोय मोलाची आहे. अपंगत्वाचा दाखला व ओळखपत्र काढून घ्यावे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, मतिमंदत्व व बहुविध अपंगत्व यांसाठी १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. मुंबईला जाणे शक्य असेल त्यांनी हाजी अली येथील, १९५५ साली सुरू झालेली शासकीय पुनर्वसन संस्था ध्यानात ठेवावी. अर्ज भरण्यास ज्यांना अडचण वाटते त्यांच्यासाठी आम्ही शिक्षक शनिवारी शाळा सुटल्यावर बसू. कागद घेऊन या.

शेवटी एक कठोर वाक्य बोलतो, त्याबद्दल क्षमा असावी. अशा मुलाच्या आजारपणात भेटायला आलेली माणसे उंबऱ्यावर हळूच म्हणतात, ‘‘सुटला असता तर बरे झाले असते, आईबापही सुटले असते.’’ बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. पण ते वाक्य आत खाटेपर्यंत ऐकू जाते. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकू येत नाही, असे नसते. आमच्या घरातल्या मुलाला माझ्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच ओळखू येतो आणि त्याचा चेहरा उजळतो, असे घरातली माणसे सांगतात. जे मूल स्कूटरचा आवाज ओळखते, ते आपल्याविषयीचे बोलणे ओळखत नसेल काय? म्हणून भेटीला जाल तेव्हा दयेचे शब्द घरी ठेवा आणि अर्धा तास घेऊन जा. त्या अर्ध्या तासात त्याच्या आईला पाठ टेकू द्या.

विद्यार्थी मित्रहो, आपणांसाठी एकच काम सांगतो. आपल्या वर्गातला एखादा सोबती बरेच दिवस दिसला नाही, तर त्याचे नाव आम्हांला सांगा आणि त्याच्या घरी आपली वही पोहोचवा. पालकहो, आपल्या मोहल्ल्यात अशी किती मुले आहेत, याची यादी आपल्यापाशी नाही. येत्या शनिवारपासून ती करायला घेऊ. पहिले नाव माझ्या घरातले लिहितो.